ग्रिल्ड चीज सँडविच लिबलिबीत का होतं? आधी भाज्या भाजा!

(कॅमेऱ्यासमोर, हातात ताटली)

हे सँडविच मी दहा मिनिटांपूर्वी मुद्दाम चुकीचं केलंय. आता उचलते हं... गेलं! टोमॅटो ताटलीत, सिमला मिरची ओट्यावर आणि खालचा ब्रेड माझ्या बोटांना चिकटलेला. वरून कसं छान सोनेरी दिसत होतं, नाही?

नमस्कार मंडळी. आज भाजलेल्या भाज्यांचं ग्रिल्ड चीज सँडविच करायचंय. पण त्याआधी एका चोराला पकडू. चोर म्हणजे पाणी. टोमॅटोत साधारण 94 टक्के पाणी, सिमला मिरचीत 92 च्या आसपास, झुकिनीत त्याहून जरा जास्तच. हे सगळं कच्चं आत घालून तव्यावर तापवलं की ते पाणी जाणार कुठे? ब्रेडमध्येच.

आता तुम्ही म्हणाल, मुंबईचा सँडविचवाला तर कच्चा टोमॅटो, काकडी, बीट सगळं घालतो, त्याचं कसं चालतं? चालतं, कारण तो ब्रेडला पार काठापर्यंत बटर लावतो आणि मग त्यावर चटणी. ओलाव्याला ते बटर आडवं येतं. शिवाय आपण तिथेच उभं राहून दोन मिनिटांत ते फस्त करतो. घरी काय होतं? एकाचं झालं की दुसऱ्याचं, तोवर पहिलं ताटलीत घाम गाळत बसतं.

आणि ही युक्ती काही परदेशातून आणायला नको. खमंग काकडी करताना आपण काकडी चोचवून तिचं पाणी पिळून काढतोच ना? भरताचं वांगं भाजलं की जरा निथळत ठेवतो. तेच डोकं इथे लावायचंय.

(भाज्यांचा क्लोजअप)

दोन सँडविचसाठी एक सिमला मिरची, एक कांदा, पाच-सहा मशरूम आणि अर्धी झुकिनी. झुकिनी मिळाली नाही तर एक छोटं वांगं घ्या, मला तर वांगंच जास्त आवडतं. टोमॅटो घालायचाच असेल तर बिया आणि गर काढून फक्त पाकळ्या. जाडी करंगळीच्या निम्मी. फार पातळ कापलंत तर भाजताना करपून काड्या होतात.

ओटीजी, म्हणजे घरगुती विजेचा ओव्हन, असेल तर 200 डिग्रीवर आधी दहा मिनिटं तापवा. भाज्यांना दोन चमचे तेल चोळा, ट्रेमध्ये एकच थर पसरा आणि 20 ते 25 मिनिटं ठेवा, मध्ये एकदा उलथा. एकच थर का? ढीग केला की खालच्या भाजीची वाफ वरचीला लागते आणि सगळं शिजतं, भाजत नाही. पाणी आहे तोवर भाजीचं अंग 100 डिग्रीच्या वर फारसं जातच नाही. आणि तो खरपूस रंग, तो वास यायला साधारण 140 तरी लागतात. म्हणजे आधी पाणी जाणार, मग चव येणार. हा क्रम चुकवता येत नाही.

ओटीजी नाही? माझ्याकडेही कितीतरी वर्षं नव्हता. बिडाचा तवा कडकडीत तापवा, आच मोठी, आणि भाज्या दोन घाण्यांत करा. टाकल्यावर लगेच ढवळत बसू नका, प्लीज. दोन मिनिटं हात मागे बांधून उभं राहा. हे बघा, मिरचीच्या काठावर असा काळा ठिपका आला की मग उलथायचं. आणि मीठ शेवटी. आधी घातलंत तर तव्यावरच भाजीला पाणी सुटतं आणि त्यात ती उकडत बसते. भाजून झालं की मीठ, मिरपूड, किंचित चाट मसाला, आणि ताटात पसरून गार करा. गरम भाजी ब्रेडवर टाकली तर वाफ परत आलीच म्हणून समजा.

आता चीज. मी दोन प्रकार मिसळते. एका सँडविचला एक क्यूब प्रोसेस्ड चीज, म्हणजे 25 ग्रॅम, आणि मूठभर किसलेलं मोझरेला. प्रोसेस्ड चीजला लोक उगाच नाकं मुरडतात. त्यात चीजचं तूप आणि पाणी धरून ठेवणारे क्षार असतात, त्यामुळे ते तेल न सोडता एकसारखं वितळतं. 1911 साली स्वित्झर्लंडमध्ये हे जमवलं गेलं. मोझरेलाला तार येते, पण चवीला ते बिचारं मवाळ. म्हणून जोडी. आणि पनीर? पनीर मऊ होईल, वितळणार नाही. दूध आंबट घालून फाडलेलं असतं, त्याचा तो स्वभावच नाही. भाजीबरोबर घाला हवं तर, पण चीजच्या बदली नको.

ब्रेड कालचा असेल तर उत्तम. आतल्या बाजूला बटर, त्यावर हिरवी चटणी. चटणी वाटताना पाणी घालायचं नाही, चमचाभर डाळं घाला, छान घट्ट होते. मग चीज, भाज्या, वर पुन्हा चीज. खाली-वर दोन्हीकडे चीज हवंच, तोच आपला डिंक.

(तव्याचा क्लोजअप)

बाहेरून मऊ बटर लावा. फ्रीजमधलं घट्ट बटर ब्रेड फाडतं. तवा मध्यम तापला की सँडविच ठेवा आणि आच बारीक. आता ऐका... ही चुरचुर ऐकू येतेय? बटरमध्येही 16 टक्क्यांच्या आसपास पाणी असतं, ते आत्ता जातंय. हा आवाज मंदावला की ब्रेडला रंग चढायला लागतो. घड्याळ नाही बघितलंत तरी चालेल, कान द्या. साधारण चार मिनिटं.

पहिल्या बाजूला दोन मिनिटं झाकण, चीज वितळायला. झाकण काढताना मात्र सरळ वर उचलून तिरकं करू नका. असं आडवं सरकवा. नाहीतर झाकणाला जमलेले थेंब टपाटपा ब्रेडवर आणि आपली सगळी मेहनत पाण्यात. अक्षरशः! दुसरी बाजू झाकणाशिवाय. वरून उलथण्याने हलकं दाबा, इस्त्री करायची नाहीये.

लांब दांड्याचा गॅसवरचा टोस्टर आहे ज्यांच्याकडे, त्यांनीही करा, कडा मस्त बंद होतात. पण वाफ आतच कोंडते, म्हणून या भाज्यांसाठी माझं मत तव्याला.

इथे बघा, चीज बाहेर ओघळून तव्यावर जाळी झालीये. ही काढून टाकू नका. आमच्याकडे यावरून भांडणं होतात.

झालं की थेट स्टीलच्या ताटलीत नाही ठेवायचं. पोळ्यांच्या डब्यात आपण खाली फडकं का घालतो? त्याच कारणासाठी हे पापड भाजायच्या जाळीवर, एक मिनिट. मग कापा.

(सुरी फिरते, कुरकुर आवाज)

आता उचलते. तुटलं? नाही. खालचा ब्रेड बघा, टकटक वाजतोय. थांबा हं, तोंड भाजेल... हम्म. वांग्याला काय धुरकट चव आलीये! दुसरा अर्धा कॅमेऱ्यामागे कुणीतरी केव्हाचा हात पुढे करून उभा आहे, त्याला देते.