कॅप्स लॉकचा दिवा बघा, मग ठरवा

आभारप्रदर्शन शेवटी करू, वेळ कमी आहे आणि बोलायचं भरपूर आहे. पत्रिकेवर विषय छापलाय ‘जुन्या कॉम्प्युटरचा कीबोर्ड-माऊस चालेनासा झाला तर’, आणि ती तपासणी मी सांगणारच आहे, पण आधी कॅप्स लॉकच्या बारक्या दिव्याबद्दल बोलू दे. तो दिवा बघायची सवय लागली तर कितीतरी धडधाकट कीबोर्ड कचऱ्यात जायचे वाचतील, हे मी सगळीकडे सांगत असतो.

आपल्याला वाटतं की कॅप्स लॉक दाबला की कीबोर्ड आपला आपण दिवा लावतो. तसं होत नाही. बटण दाबलं की कीबोर्ड कॉम्प्युटरला एवढंच कळवतो की हे बटण दाबलं गेलंय. मग कॅप्स चालू झालं हे कॉम्प्युटर ठरवतो आणि उलट कीबोर्डला हुकूम पाठवतो, की आता दिवा लाव. म्हणजे तो दिवा लागला याचा अर्थ निरोप गेलासुद्धा आणि उत्तर आलंसुद्धा, वायर ठीक, पोर्ट म्हणजे वायर खोचायची जागा ठीक, कीबोर्ड ठीक, मशीनही जागं आहे. एका बटणात चार गोष्टी तपासून होतात, आणि तरी लोक पहिल्यांदा काय करतात, तर कीबोर्ड उलटा करून आपटतात! हसताय म्हणजे तुमच्यापैकीही काहींनी केलंय.

आता दिवा लागतोय-विझतोय पण अक्षर उमटत नाही, तर कीबोर्डला हात लावू नका, प्रोग्राम अडकलाय किंवा कर्सर भलत्याच खिडकीत आहे. दिवा ढिम्म, माऊसचा बाणही हलत नाही आणि स्क्रीनवरचं घड्याळसुद्धा पुढे सरकत नाही, तर बहुतेक अख्खं मशीन हँग झालंय, नवीन कीबोर्ड आणून काय होणार?

आता ती काकूंची गोष्ट सांगतो, जरा लांबेल पण माझा सगळा मुद्दा त्यातच आहे. ओळखीतल्या एक काकू, जुना पीसी, वर्षानुवर्षांचं टायपिंग त्यात, कुटुंबाच्या आठवणी, पत्रं, सगळं. एक दिवस कीबोर्ड बंद. म्हणजे बटणं दाबतायत, काही उमटत नाही. घरच्यांनी दुसरा कीबोर्ड आणून लावला, तरी तेच. मग दुरुस्तीवाल्याला बोलावलं, त्याने पाच मिनिटं बघितलं आणि म्हणाला, फॉरमॅट मारावं लागेल, म्हणजे सगळं पुसून विंडोज नव्याने टाकायचं. मारला. आणि कीबोर्ड चालू झाला! टायपिंगची कॉपी कुठेच नव्हती, ते गेलं, पण कीबोर्ड चालू झाला म्हटल्यावर सगळ्यांची खात्रीच पटली की रोग तोच होता आणि औषधही तेच.

काही दिवसांनी परत बंद. या वेळी मी गेलो. पहिलं काम, मशीन रिस्टार्ट करून बायोसमध्ये शिरलो, तिथे कीबोर्ड एकदम मस्त चालला, वर-खाली बाण, एंटर, सगळं. बायोस म्हणजे विंडोज सुरू व्हायच्या आधीची पायरी, तिथे कीबोर्ड चालतोय म्हणजे दुखणं विंडोजमध्ये आहे, एवढं तिथंच कळलं. परत विंडोजमध्ये आलो, नोटपॅड उघडलं आणि ए चं बटण दाबून धरलं. नुसतं टिचकी मारल्यासारखं दाबलं तर काही नाही, पण धरून ठेवलं तर जरा वेळाने ए उमटला. फिल्टर कीज! विंडोजमध्ये ही सोय आहे, ज्यांचा हात थरथरतो त्यांच्यासाठी, की चुकून लागलेला झटपट धक्का मोजायचाच नाही. आणि ती चालू कशी होते, तर उजवीकडचं शिफ्ट ८ सेकंद दाबून धरलं की. काकू वाचताना उजवा हात नेमका तिथे टेकवून बसायच्या, मध्येच बीप व्हायचं, एक चौकट यायची, आणि त्या एंटर मारून ती घालवायच्या. एंटर म्हणजे होकार. उजवं शिफ्ट परत ८ सेकंद धरलं, सोय बंद झाली, कीबोर्ड चालू. कंट्रोल पॅनेलमधल्या ईझ ऑफ ॲक्सेसमध्ये जाऊन तो शॉर्टकटच काढून टाकला.

मला राग कशाचा येतो तर फॉरमॅट पहिलं औषध म्हणून दिलं जातं याचा. फॉरमॅटने सेटिंग पुसलं गेलं म्हणून कीबोर्ड चालला, पण सोबत माणसाचं लिहिलेलंही पुसलं गेलं. आणि त्या दुरुस्तीवाल्याने कॅप्स लॉक दाबून बघितला नाही, बायोसमध्ये जाऊन बघितलं नाही, एक बटण धरून बघितलं नाही. हे चालायला नको, खरंच नको.

बरं, समोरून खुणा व्हायला लागल्यात, दहा मिनिटं राहिली. तर मुख्य तपासणी आता भराभर.

पहिलं, पॉवर चालू करताना कीबोर्डकडे बघा, स्क्रीनकडे नको. जुन्या कीबोर्डचे तिन्ही दिवे क्षणभर लखलखतात, ती त्याची स्वतःची चाचणी असते. लखलखलेच नाहीत तर त्याला वीजच पोचत नाहीये, असं धरून वायर आणि पोर्ट बघा. यूएसबी असेल तर हब, म्हणजे एका पोर्टचे अनेक करणारा डबा, आणि पुढचे पोर्ट सोडून थेट मागच्या, मदरबोर्डच्या म्हणजे आतल्या मुख्य बोर्डच्या पोर्टला लावा.

दुसरं, पीएस टू, म्हणजे कीबोर्ड-माऊसचा जुना गोल प्लग. हा आयबीएमने १९८७ ला आणला, सहा पिना, जांभळा कीबोर्डचा, हिरवा माऊसचा. आकार सारखाच, त्यामुळे अदलाबदल होते आणि मग दोन्ही गप्प, आधी रंग बघा. पिन वाकलीय का ते उजेडात धरून बघा, वाकली असेल तर रिकाम्या पेन्सिलचं, ते शिसं घालायच्या पेन्सिलचं टोक पिनेवर चढवून हळूच सरळ करा. आणि हात जोडून सांगतो, चालू मशीनमध्ये हा काढू-लावू नका. तो तसा बनवलेलाच नाही, त्या ५ व्होल्टच्या लाइनवर बोर्डवर बारका फ्यूज असतो, तो उडाला तर दोन्ही पोर्ट एकदमच जाऊ शकतात. शिवाय चालू मशीनमध्ये निसटलेला माऊस परत खोचला तरी बहुतेकदा हलत नाही, कारण त्याची ओळख सुरू होतानाच घेतलेली असते. लोक म्हणतात माऊस गेला. शटडाऊन करा, खोचा, चालू करा.

तिसरं, उलटा प्रकार, विंडोजमध्ये चालतो पण बायोसमध्ये यूएसबी कीबोर्ड मेलेला. बायोसमध्ये लेगसी यूएसबी सपोर्ट नावाची सेटिंग असते, विंडोज सुरू व्हायच्या आधी यूएसबी कीबोर्ड चालू देणारी, ती बंद असणार. ती चालू करायला कीबोर्ड लागतो, म्हणून एक पीएस टू कीबोर्ड कपाटात ठेवाच. तोही नसेल तर बायोस रीसेट करा, मूळ सेटिंगमध्ये हे सहसा चालू असतं. आणि सेटिंग सारखी बदलते, घड्याळ मागे पडतं, तर बोर्डवरचा सीआर २०३२ सेल बदला.

चौथं, विंडोज ७ टाकताय आणि पहिल्याच स्क्रीनवर कीबोर्ड-माऊस दोन्ही बंद? त्यात यूएसबी ३ चे ड्रायव्हरच, म्हणजे ते पोर्ट चालवणारे प्रोग्रामच, नाहीत. निळा, म्हणजे यूएसबी ३ चा पोर्ट सोडा, काळ्यात लावा.

पाचवं, थोडा वेळ चालतो आणि मग झोपतो, तर डिव्हाइस मॅनेजरमध्ये यूएसबी रूट हबच्या पॉवर मॅनेजमेंटमध्ये वीज वाचवायला बंद करायची जी परवानगी आहे तिची खूण काढा. माऊस नसेल तर डावं आल्ट, डावं शिफ्ट, नम लॉक एकदम दाबा आणि होकार द्या, नंबर पॅडने बाण हलवता येतो. गोळीवाला माऊस अडखळतो त्याचं कारण आतल्या रोलरवर बसलेला मळाचा पट्टा, गोळी धुऊन उपयोग नाही, रोलर पुसा. लाल उजेडाचा असेल तर काचेवर चालवू नका आणि खालच्या भोकात केस अडकलाय का बघा.

शेवटचं, तो हिरवा चिमुकला अडॅप्टर, यूएसबी माऊस पीएस टू मध्ये घालायचा. त्यात सर्किट काहीही नसतं, नुसत्या तारा इकडून तिकडे नेलेल्या. माऊसलाच दोन्ही पद्धती येत असतील तर चालतो, नाहीतर नाही, म्हणून एका माऊससोबत आलेला अडॅप्टर दुसऱ्याला लावून चालला नाही तर पोर्ट खराब झाला असं ठरवू नका. उरलेल्या वेळात प्रश्न घेतो, आणि ज्यांनी बंद पडलेले कीबोर्ड सोबत आणलेत त्यांनी आधी पुढे या, इथे मशीन लावलेलंच आहे.