गुरुजींचे त्रेसष्ट टॅब

श्रोतेहो, नमस्कार.

जून महिना. ॲडमिशनचे फॉर्म भरायला दुकानात ही गर्दी, वर लाइट ये-जा करत होती, आणि त्यातच आमच्या शाळेतल्या गुरुजींनी काउंटरवर लॅपटॉप आणून ठेवला. "बघ गं पोरी, याच्यात काही जीव उरला नाही. नुसतं गोल गोल फिरत बसतं. फॉरमॅट मारून टाक."

माझं दुकान बार्शीत आहे. लॅपटॉप दुरुस्ती, झेरॉक्स, सातबारा, ऑनलाइन फॉर्म, सगळं एकाच छपराखाली. "फॉरमॅट मारा", म्हणजे सगळं पुसून नव्यानं भरा, हे मी दिवसातून चार वेळा तरी ऐकते. नळ गळायला लागला म्हणून कोणी घर पाडत नाही, लॅपटॉपच्या बाबतीत मात्र सगळ्यांची तयारी असते. गुरुजींना म्हटलं, बसा, चहा घ्या, आधी बघू तर द्या.

ब्राउझर उघडला. ब्राउझर म्हणजे आपण ज्यातून इंटरनेट बघतो तो प्रोग्राम, मग तो क्रोम असो, फायरफॉक्स असो की एज. वरच्या पट्टीत टॅब, म्हणजे एकाच वेळी उघडून ठेवलेली पानं, इतके दाटीवाटीनं बसलेले, की नावं दिसतच नव्हती, नुसती बारीक बारीक चित्रं. मी मोजले. त्रेसष्ट! पेन्शनचं पान तीनदा उघडलेलं. नातीचा निकाल, तो लागून महिना झालेला. संपून गेलेल्या क्रिकेट मॅचचा धावफलक. दोन-तीन कीर्तनं, अर्धवट ऐकलेली. "गुरुजी, हे बंद करू का?" तर म्हणाले, "नको नको, ते वाचायचं राहिलंय."

आता हे टॅब नुसते पडून असतात का? तर नाही. क्रोम आला २००८ साली, तेव्हापासून त्याची रीत अशी की साधारण प्रत्येक टॅबला वेगळी चूल. एक टॅब अडकला तरी बाकीच्यांचा स्वयंपाक चालू राहावा, हा त्यामागचा विचार. विचार चांगलाच आहे. पण चुली वाढल्या की ओट्यावर जागा लागते. लॅपटॉपचा ओटा म्हणजे रॅम. गुरुजींच्या लॅपटॉपला ४ जीबीची रॅम, त्यातली मोठी जागा विंडोजनं आधीच अडवलेली. ओटा भरला की कम्प्युटर सामान जमिनीवर मांडायला लागतो, म्हणजे हार्डडिस्कवर. आणि जुनी फिरती हार्डडिस्क रॅमच्या मानानं इतकी मंद, की दर वेळी वाकून उचला, परत ठेवा, यातच सगळा वेळ जातो. ते गोल फिरणारं चक्र म्हणजे बहुतेक वेळा ही उठाठेव असते. आपण नेटवाल्याला शिव्या घालतो, दोष बहुधा त्याचा नसतो. खात्री करायची असेल तर त्याच वायफायवर मोबाइलमध्ये तीच साइट उघडून बघा. मोबाइलवर झटकन उघडली तर नेट ठीक आहे.

क्रोम किंवा एज उघडा, शिफ्ट दाबून धरा आणि एस्केप दाबा. रेडिओवर बटणं दाखवता येत नाहीत, म्हणून हळू सांगते : शिफ्ट आणि एस्केप. एक छोटी खिडकी उघडते, ब्राउझरचा स्वतःचा टास्क मॅनेजर. कोणता टॅब किती मेमरी, म्हणजे ओट्यावरची किती जागा, खातोय ते ओळीनं दिसतं. मी गुरुजींच्या लॅपटॉपवर ती उघडली आणि लॅपटॉप त्यांच्याकडे फिरवला. तो मॅचचा धावफलक सगळ्यात वर होता, ५०० एमबीच्या आसपास! मॅच संपली, लोक घरी गेले, आणि ते पान अजून जाहिराती बदलत, धावा विचारत बसलेलं. गुरुजी म्हणाले, "म्हणजे हा न खेळताच थकतोय."

बाकीच्या टॅबसाठी कंट्रोल, शिफ्ट आणि डी दाबलं. तिन्ही बटणं एकत्र. उघडे असलेले सगळे टॅब एका फोल्डरमध्ये बुकमार्क होतात, म्हणजे त्यांचे पत्ते जपून ठेवले जातात. फोल्डरला नाव दिलं, 'वाचायचं राहिलेलं'. मग सगळे बंद. गुरुजींनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी त्यांची रद्दी विकली.

ब्राउझरमध्ये आता या कामाची सोय आतच असते. क्रोमच्या सेटिंग्जमध्ये 'परफॉर्मन्स' नावाचा भाग आहे, त्यात 'मेमरी सेव्हर'. तो चालू केला की बराच वेळ न पाहिलेला टॅब झोपवला जातो, आणि क्लिक केलं की पान परत येतं. एजमध्येही असे झोपणारे टॅब आहेत. ही सोय नव्हती तेव्हा लोक काय करायचे? बाहेरून एखादं एक्स्टेन्शन आणून लावायचे. इथेच खरी गोम आहे, म्हणून जरा थांबते.

'द ग्रेट सस्पेंडर' नावाचं एक एक्स्टेन्शन होतं. एक्स्टेन्शन म्हणजे ब्राउझरला लावायचा जोडभाग. याचं काम एकच, न वापरलेले टॅब झोपवायचे आणि मेमरी मोकळी करायची. फुकट, साधं आणि खरोखर उपयोगी. वापरणारे २० लाखांवर. जून २०२० मध्ये मूळ मालकानं ते विकलं, आणि घेणारा कोण हे लोकांना कळलं नाही. वापरणाऱ्यांना ना चिठ्ठी ना चपाटी. नाव तेच, चित्र तेच, अपडेट आपोआप येत राहिले, आणि त्या अपडेटमधून बाहेरचा कोड ओढणारा भाग आत शिरला. फेब्रुवारी २०२१ मध्ये गूगलनं ते क्रोमच्या एक्स्टेन्शन स्टोअरमधून काढून टाकलं आणि लोकांच्या ब्राउझरमध्येही बंद केलं, यात मालवेअर, म्हणजे घातक प्रोग्राम, आहे असं सांगून. तोवर ज्यांचे टॅब त्यानं झोपवले होते, त्यांचे टॅबही त्याच्याबरोबर गेले. म्हणजे ब्राउझर हलका व्हावा म्हणून माणसानं जे आणलं, त्याच्याच मार्गानं चोर आत आला. आणि आणताना माणसाची काही चूकसुद्धा नव्हती.

गुरुजींच्या ब्राउझरमध्ये नऊ एक्स्टेन्शन निघाली. कुपन शोधणारं, पीडीएफ बदलणारं, हवामान सांगणारं, आणि एकाच्या तर नावातच 'स्पीड' होतं! त्यांनी लावलेली त्यांना एकच आठवत होती. एक्स्टेन्शनच्या 'डिटेल्स'वर जा आणि परवानगीची ओळ वाचा. तिथे 'सर्व वेबसाइटवरचा तुमचा सगळा डेटा वाचणे आणि बदलणे' अशा अर्थाचं काही असेल, तर सर्व म्हणजे सर्व. त्यात तुमच्या बँकेचं पानही आलं. हवामान सांगायला बँकेचं पान कशाला वाचावं लागतं? आठ काढून टाकली. उरलं ते जाहिराती अडवणारं, ते स्टोअरमध्ये परत तपासून ठेवलं.

दोष एक्स्टेन्शनचा आहे की नाही, हे ओळखायची एक युक्ती आहे. जड वाटणारी साइट इन्कॉग्निटो, म्हणजे क्रोमच्या खाजगी, खिडकीत उघडा. तिथे एक्स्टेन्शन आपण मुद्दाम परवानगी दिल्याशिवाय चालत नाहीत. तिथे साइट सुरळीत पळाली तर संशयाची सुई कुठे वळवायची ते कळलं.

गुरुजींशी बोलत होते तेवढ्यात उजव्या कोपऱ्यात लाल चौकट उगवली, 'तुमच्या कम्प्युटरमध्ये ५ व्हायरस आहेत'. गुरुजी घाबरून म्हणाले, "रोज येतं हे. मी त्याला हात लावत नाही." चांगलं करतात. तो व्हायरस नव्हता. कधीतरी कुठल्यातरी साइटनं 'अलाऊ'चं बटण पुढे केलं, गुरुजींनी ते दाबलं, आणि त्या साइटला घरात निरोप पाठवायचा परवाना मिळाला. सेटिंग्ज, मग 'प्रायव्हसी अँड सिक्युरिटी', मग 'साइट सेटिंग्ज', मग 'नोटिफिकेशन्स'. तिथे परवानगी दिलेल्या साइटची यादी असते. ओळखीची नसलेली नावं काढून टाकली, चौकट गेली. अशा चौकटीतला फोन नंबर लावून कोणी पैसे घालवून बसलं असेल, तर वेळ न दवडता १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार करा.

आता एक गोष्ट माझ्या स्वतःच्या हातून झालेली, आणि ती सांगताना अजून कान गरम होतात. दुकान नवीन होतं तेव्हाची. एका बाईंचा ब्राउझर स्लो होता. मी मोठ्या आत्मविश्वासानं 'क्लिअर ब्राउझिंग डेटा' उघडलं, 'ऑल टाइम' निवडलं आणि दिसतील तेवढ्या चौकोनांत खुणा केल्या. सगळे सेव्ह केलेले पासवर्ड गेले. बाईंना एकही पाठ नव्हता. ई-मेलचा पासवर्ड परत मिळवायला जो मोबाइल नंबर लागत होता, तो त्यांनी दोन वर्षांपूर्वीच बंद केलेला. चार दिवस आम्ही दोघी त्याच कामात होतो. पैसे अर्थातच घेतले नाहीत.

आणि एवढं करून फायदा? फारसा नाहीच. कॅशे म्हणजे मिसळणाचा डबा. मोहरी, हळद, हिंग, तिखट ओट्याजवळ हाताशी असतं, दर फोडणीला माळ्यावर चढावं लागत नाही. ब्राउझर नेहमीच्या साइटची चित्रं आणि फाइली अशाच हाताशी ठेवतो. रोज कॅशे पुसणं म्हणजे रोज तो डबा रिकामा करून माळ्यावर ठेवणं. दुसऱ्या दिवशी सगळं पुन्हा नेटवरून आणावं लागतं, म्हणजे उलट उशीरच. एखादी साइट अर्धवट, वेडीवाकडी दिसायला लागली तर कॅशे जरूर पुसा, पण फक्त तेवढ्याच चौकोनात खूण करा. कुकीज म्हणजे साइटनं आपली ओळख लक्षात राहावी म्हणून ठेवलेल्या चिठ्ठ्या, त्या पुसल्या की सगळीकडून लॉगआउट होतं, आणि पासवर्डच्या चौकोनाकडे बोटसुद्धा नेऊ नका. फारच बिघडलं तर सेटिंग्जमध्ये 'रीसेट' आहे. क्रोममध्ये त्यानं एक्स्टेन्शन बंद होतात, कुकीज जातात, पण बुकमार्क आणि पासवर्ड राहतात.

काही जण याहून पुढे जातात. मोबाइलवर व्हिडिओ बघून ब्राउझरची आतली गुप्त सेटिंग्ज बदलतात. त्यातलं एक ऐकून मला धडकीच भरली : 'साइट आयसोलेशन बंद करा, मेमरी वाचेल'. वाचेल, खोटं नाही. जानेवारी २०१८ मध्ये स्पेक्टर नावाची त्रुटी उजेडात आली, ती थेट प्रोसेसरमधली. एका साइटनं शेजारच्या साइटची माहिती चोरून वाचण्याचा धोका त्यातून निघाला. म्हणून त्याच वर्षी क्रोमनं वेगवेगळ्या साइटमध्ये पक्क्या भिंती घातल्या, तेच हे साइट आयसोलेशन. त्यापायी १० ते १३ टक्के जास्त मेमरी लागते, असं गूगलनंच तेव्हा सांगितलं होतं. वेगासाठी ती भिंत पाडायची म्हणजे हवा यावी म्हणून तिजोरी उघडी टाकायची.

अपडेट बंद ठेवणारे तसेच. क्रोमच्या उजव्या कोपऱ्यातली खूण हिरवी झाली तर अपडेट नुकतं आलंय, नारिंगी झाली तर चारेक दिवस झाले, लाल झाली तर आठवडा उलटलाय. ब्राउझर बंद करून परत उघडा, बस. मात्र 'तुमचा ब्राउझर जुना झाला' असं एखाद्या साइटच्या पानात आलं, तर तिथून काहीही डाउनलोड करू नका. अपडेट ब्राउझरच्या मेनूतून होतं, पानातून नाही. आणि ज्यांच्याकडे अजून विंडोज ७ आहे, त्यांच्या क्रोमला फेब्रुवारी २०२३ पासून नवीन आवृत्ती मिळतच नाही. तिथे वेगाची चर्चा नंतर करू, आधी बँकेचे व्यवहार त्यावर करणं थांबवा.

गुरुजींच्या लॅपटॉपला शेवटी रॅम वाढवली, ४ ची ८ जीबी, आणि फिरत्या हार्डडिस्कच्या जागी एसएसडी, म्हणजे न फिरणारी चपळ डिस्क, बसवली. खर्चाचं खरं समाधान या दोन गोष्टींत आहे, क्लीनर आणि बूस्टर नावाच्या प्रोग्राममध्ये नाही. रॅम घ्यायच्या आधी लॅपटॉप उघडून जागा आहे का बघून घ्या, पातळ लॅपटॉपमध्ये ती बोर्डालाच डकवलेली असू शकते.

परवा गुरुजी परत आले, फॉर्मची झेरॉक्स काढायला. लॅपटॉप पिशवीत होताच. मी न विचारता उघडला आणि टॅब मोजले. अकरा. दहा बंद केले, त्यांनी हूं की चूं केलं नाही. अकराव्यावर बोट नेलं तर माझा हात धरला. "तेवढं कीर्तन राहू दे. उत्तररंग बाकी आहे."

नमस्कार.