बाग बघायला मे महिन्यात जा

(पुण्यातल्या एका बागप्रेमी गटाच्या वार्षिक मेळाव्यातलं व्याख्यान, थोडं संपादन करून.)

नमस्कार मंडळी. पत्रिकेत विषय छापलाय 'घरची बाग बघावी कशी'. दीपप्रज्वलन, सत्कार आणि रोपांचं वाटप यांतून माझ्या वाट्याला जेवढा वेळ उरलाय, तेवढ्यात बसवतो. मला एकच म्हणायचंय, ते आधीच सांगून टाकतो म्हणजे मागच्या रांगेतल्यांना उठायला मोकळीक. आपण बागा चुकीच्या महिन्यात बघतो.

आपल्या सगळ्या बागभेटी डिसेंबर-जानेवारीत. अहो, पुण्याच्या थंडीत काय फुलत नाही? पिटुनिया, शेवंती, डेलिया, सगळी एकदम नटून उभी. एम्प्रेस गार्डनचं पुष्पप्रदर्शन जानेवारीत भरतं ते योग्यच, ते प्रदर्शन आहे. पण घरची बाग त्याच दिवसांत बघायची म्हणजे निव्वळ कांदेपोह्यांचा कार्यक्रम. मुलगी साडीत, मान खाली, पोहे आईने केलेले आणि सांगायचं मुलीने केले. पोहे तर खरंच असतात! काही ठिकाणी बाग दहा मिनिटं आणि नाश्ता पाऊण तास. तक्रार नाही, माहिती देतोय.

एका बंगल्यातली गंमत सांगतो. गाव-पत्ता विचारू नका, यजमान कदाचित इथेच बसले असतील. फाटकापासून पायरीपर्यंत शेवंतीच्या कुंड्या, पिवळ्याधमक. यजमान म्हणाले, "आमच्याकडे शेवंती फार छान येते." मी वाकलो. मी जन्मभर साइट इंजिनियर, प्लॅस्टरसुद्धा टकटक केल्याशिवाय पास करत नाही. कुंडीच्या कडेला काळ्या प्लॅस्टिकचं टोक दिसलं. बोटाने माती सारली, तर आत नर्सरीची अख्खी पिशवी, रोपासकट बसवलेली. सोलापूर रोडवरून टेंपो आला असणार, बहुधा आदल्याच संध्याकाळी. "छान येते" हे खरंच होतं म्हणा. टेंपोतून येते.

मंडळी फोटो काढण्यात गुंतली. मी हात धुवायला मागे गेलो, तर खरी बाग तिथे, मोरीच्या पाण्यावर. अळू, गवती चहा, कर्दळ, पालापाचोळ्याने भरलेला एक अर्धा कापलेला ड्रम, आणि कढीपत्त्याचं डोक्याइतकं उंच झाड. त्याच्या एका पानावर चिमणीची शीट पडल्यासारखं काहीतरी होतं. मी फुंकर मारली, तर ती शीट चालायला लागली! फुलपाखराची अळी. लहान असताना ती तशीच दिसते, काळपट-पांढरी, म्हणजे पक्षी तोंड लावत नाहीत. मोठी झाली की पानासारखी हिरवी होते. यजमानांच्या आई तिथे भांडी पालथी घालत होत्या. मी म्हटलं, "आजी, अळ्या पडल्यात." त्या म्हणाल्या, "पडल्यात नाही, ठेवल्यात. ह्या दोन फांद्या त्यांच्या, बाकी फोडणीला." भेटीच्या वृत्तांतात या बाईंचा एका ओळीने उल्लेख नाही. शेवंतीचे फोटो मात्र आहेत, पिशवीच्या टोकासकट. झूम करून बघा.

आता 'एक फांदी देता का' या विषयावर. चोरून आणलेला मनी प्लांट जास्त चांगला लागतो, हे शास्त्र आपण सगळे पाळतो. ठीक आहे. पण जास्वंदीची फांदी पर्समध्ये घालताना पेरापाशी बघा तरी! पांढरा कापूस दिसला की तो पिठ्या ढेकूण. त्याचा गोड चिकटा खायला मुंग्या येतात, त्याला राखतात आणि या फांदीवरून त्या फांदीवर नेऊनही सोडतात. एका गच्चीवरचा पिठ्या महिन्याभरात निम्म्या गटाकडे कसा पोचला, याचं संशोधन करायची गरज नाही. पर्सा तपासा. (हशा) हसताय, पण पुढच्या रांगेतल्या काकू हसत नाहीयेत.

इंग्लंडात आणि वेल्समध्ये १९२७ साली ६०९ घरमालकांनी आपल्या बागा लोकांना खुल्या केल्या, माणशी एक शिलिंग घेऊन. पैसे गेले घरोघरी जाणाऱ्या परिचारिकांसाठी. ती प्रथा अजून चालू आहे. आपल्याकडे बाग बघायला पैसे ठेवले तर लोक म्हणतील, पोह्यांत खोबरं कमी होतं.

चिठ्ठी आली. पाच मिनिटं. बरं, मुख्य विषय.

मे महिन्यात जा, कारण तेव्हा गच्ची खोटं बोलत नाही. पहिलं बघायचं ते वजन. ये-जा असलेल्या गच्चीचा स्लॅब साधारण चौरस मीटरला १५० किलोचा चल भार, म्हणजे माणसांचं-सामानाचं वजन, धरून करतात. फूटभर खोलीचा ओल्या मातीचा वाफा तेवढ्याच जागेत ५०० किलोच्या घरात जातो. फुलं बघून 'अय्या' म्हणण्याआधी विचारा, हा वाफा बीमवर आहे की मधोमध? म्हणून तर पालापाचोळा, उसाचं चिपाड, स्वयंपाकघरातला ओला कचरा यांवर बाग करायची. श्री. अ. दाभोळकर सरांनी आणि शेतीत प्रयोग करणाऱ्या त्यांच्या प्रयोग परिवाराने हे किती आधी सांगून ठेवलंय! वजन बरंच कमी, आणि मे महिन्यात हात घातलात तर आत ओल लागते. नुसत्या लाल मातीच्या कुंडीत तेव्हा वीट झालेली असते.

दुसरं, पाणी जातं कुठे. कुंड्या थेट फरशीवर टेकलेल्या असतील, पावसाच्या पाइपाच्या जाळीवर पानं साचली असतील, कठड्याच्या भेगेत पिंपळ उगवला असेल, तर बाग कितीही देखणी असो, खालच्या मजल्यावरच्यांकडेही चक्कर टाकून या. ब्रिकबॅट कोब्यात, म्हणजे गच्ची गळू नये म्हणून घातलेल्या विटांच्या तुकड्यांच्या थरात, एकदा मुळं शिरली की माझ्यासारख्याला बोलवावं लागतं, आणि मी स्वस्त नाही.

तिसरं राहिलं, सावली. पश्चिमेच्या भिंतीची, हिरव्या जाळीची, मोठ्या कुंडीआड लहान कुंडीची. यावर खरं तर अर्धा तास हवा होता. तेवढं राहू द्या, एकच प्रश्न विचारा: तुम्ही मे महिन्यात गावाला जाता तेव्हा पाणी कोण घालतं? ज्याचं नाव येईल त्या माणसाला भेटा. वॉचमन असेल, शेजारची मुलगी असेल, धुणंभांडी करणाऱ्या मावशी असतील. कुठली कुंडी आधी माना टाकते ते त्यांनाच ठाऊक असतं.

अध्यक्ष उठून उभे राहिलेत, म्हणजे मी बसायला हवं. मेच्या भेटीसाठी वही बाहेर टेबलावर ठेवलीय. सकाळी साडेसहाला निघायचं, टोपी आणायची. पन्हं मिळेल. पोहे नाहीत.