पगारातले दोनशे रुपये

श्रोतेहो, नमस्कार.

जे नोकरीत आहेत त्यांनी आपली पगाराची स्लिप डोळ्यांसमोर आणावी. कपातीच्या रकान्यात प्रॉव्हिडंट फंडाच्या आसपास 'पीटी' अशी दोन अक्षरं असतात. पीटी म्हणजे व्यवसाय कर. अकरा महिने त्यापुढे २०० लिहिलेले असतात, फेब्रुवारीत ३००. बेरीज केली की वर्षाचे २५०० होतात. त्याहून जास्त घेता येत नाहीत, कारण ही मर्यादा राज्यघटनेच्या २७६व्या अनुच्छेदातच घातलेली आहे. खरं म्हणजे ही स्लिप मराठीत असायला हवी. स्वतःच्या पगारातून काय आणि कशासाठी गेलं हे माणसाला आपल्या भाषेत वाचता आलं पाहिजे, आणि मुंबईतल्या कंपन्यांना हे अवघड नाही.

अर्थसंकल्प जवळ आला की कोणत्या योजना चालू ठेवायच्या आणि कोणत्या आवरायच्या, यावर विधान भवनात आणि बाहेर वाद पेटतो. त्या वादाचं मूळ या दोनशे रुपयांत सापडतं. म्हणून आज आधी त्यांची गोष्ट.

सांगली जिल्ह्यात, तासगाव तालुक्यात विसापूर नावाचं गाव आहे. वि. स. पागे तिथले. १९६० ते १९७८ अशी अठरा वर्षं ते विधान परिषदेचे सभापती होते. त्यांना एक गोष्ट सलत होती. पाऊस दगा देतो, शेतमजुराच्या हाताला काम उरत नाही, आणि सरकार मात्र आणेवारी, म्हणजे पीक किती आलं याचा सरकारी अंदाज, लागेपर्यंत, दुष्काळ जाहीर होईपर्यंत थांबतं. पोट काही आणेवारीसाठी थांबत नाही. मग जो काम मागेल त्याला मागेल तेव्हाच का देऊ नये? १९६५ साली तासगाव तालुक्यात तसा प्रयोग झाला. वसंतराव नाईक तेव्हा मुख्यमंत्री होते. १९७२ मध्ये ही रोजगार हमी योजना राज्यभर न्यायची ठरली आणि नेमका त्याच वर्षी मोठा दुष्काळ पडला.

ज्यांच्या घरात त्या काळातली माणसं आहेत त्यांनी मिलो आणि सुकडी हे शब्द ऐकले असतील. मिलो म्हणजे अमेरिकेतून आलेली लाल ज्वारी, आणि सुकडी हा कोरडा पौष्टिक खाऊ दुष्काळी कामावर वाटला जायचा. नालाबांध, पाझर तलाव, रस्त्यांची माती, आणि सगळ्यात जास्त लक्षात राहिलेली खडी. बाया हातोडीने दगड फोडायच्या आणि फोडलेल्या खडीच्या ढिगाचं माप घेऊन मजुरी ठरायची. १९७३च्या उन्हाळ्यात अशा कामांवर जवळजवळ ५० लाख माणसं होती. जी कामावर गेली नाहीत त्यांतली कितीतरी गाडीत बसून मुंबईला आली आणि इथल्या झोपडपट्ट्यांत राहिली.

मग पाऊस झाला, दुष्काळी कामं आवरती घेण्याची वेळ आली. आता प्रश्न आला पैशाचा. दर वर्षी तिजोरीत काय उरतं ते पाहून कामं काढायची ठरवली असती, तर वाईट वर्षात तिजोरी रिकामी आणि मागणी सर्वांत जास्त, अशी गत झाली असती. म्हणून १९७५ मध्ये व्यवसाय कराचा कायदा झाला. नोकरदार, व्यापारी, डॉक्टर, वकील यांच्याकडून कर घ्यायचा आणि तो रोजगार हमीला लावायचा. त्याला मोटार वाहनांवरचा आणि विक्रीवरचा जादा कर जोडला, बागायती जमिनीवरची विशेष आकारणी जोडली. आणि यावर कळस म्हणजे, या करांतून जेवढे रुपये येतील तेवढेच रुपये राज्य सरकारनं आपल्याकडून घालायचे, हे कायद्यातच लिहिलं. मुंबईकरानं हा भार का स्वीकारला? गावात काम मिळालं तर माणसाला फलाटावर येऊन झोपावं लागणार नाही, हे त्याने १९७३ मध्ये स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं.

१९७७ मध्ये रोजगार हमीचा कायदा विधिमंडळानं मंजूर केला आणि २६ जानेवारी १९७९पासून तो लागू झाला. मजुरानं नमुना चार हा अर्ज भरून काम मागायचं. १५ दिवसांत काम द्यायचं, नाही दिलं तर बेकारी भत्ता. काम सुरू करायला किमान ५० मजूर लागायचे. लक्षात घ्या, कायद्यानं हक्क दिला आणि कायद्यानंच पैशाची वाट करून दिली. हक्क कायद्यात, पैसाही कायद्यात.

तरीही कपात झालीच, आणि ती कशी झाली हे नीट ऐका. १९८८ मध्ये किमान वेतन वाढलं आणि हमीची मजुरी दुप्पट झाली. मजुरी दुप्पट झाली तर निधीही तेवढा मोकळा करायला हवा होता. तो झाला नाही, कामं कमी उघडली गेली. आणि गावपातळीवर सगळ्यात सोपी युक्ती म्हणजे मागणी अर्जाची पोच न देणं. तारखेची पोच नाही म्हणजे १५ दिवस मोजायला सुरुवातच नाही, आणि मग भत्त्याचा प्रश्नच येत नाही. कायद्यातला एक शब्दही बदलला नव्हता. व्यवसाय कर मात्र दर महिन्याला कापला जात राहिला आणि आजही कापला जातो.

आता आजच्याकडे येऊ. सभागृहात 'कपात सूचना' हा शब्द ऐकला की लोकांना वाटतं, कोणीतरी पैसे कमी करायला निघालंय. बहुतेक वेळा उलट असतं. खर्चाच्या मागण्या मांडायचा अधिकार सरकारचा. आमदाराला त्या मंजूर करता येतात, नाकारता येतात किंवा कमी करता येतात, वाढवता येत नाहीत. त्यामुळे विधवांचं अनुदान वाढावं असं ज्याला वाटतं, तोसुद्धा त्या मागणीतून प्रतीकात्मक १०० रुपये कमी करा अशी सूचना देतो आणि त्या निमित्तानं बोलतो.

खरी कपात मार्चनंतर होते. तरतूद वेगळी, वितरण वेगळं. पुन्हा सांगतो, तरतूद वेगळी आणि वितरण वेगळं. अर्थसंकल्पात छापलेली रक्कम म्हणजे तरतूद. वित्त विभाग त्यातली किती टक्के बीम्स या निधी सोडण्याच्या ऑनलाइन प्रणालीवर सोडतो, ते वितरण. शिवभोजन थाळी घ्या. ३० ग्रॅमच्या दोन चपात्या, १०० ग्रॅम भाजी, १५० ग्रॅम भात, १०० ग्रॅम वरण. शहरात थाळीचा दर ५० रुपये धरला, जेवणारा दहा देतो आणि चाळीस सरकार देतं. ते चाळीस वेळेवर आले नाहीत तर केंद्रचालक आधी भाजी पातळ करतो, मग थाळ्या कमी करतो, मग शटर ओढतो. योजना बंद झाल्याचा शासन निर्णय कुठेच नसतो.

लाडकी बहीण योजनेचा आकडा घरी बसून तपासता येतो. महिना १५०० म्हणजे वर्षाला १८,०००. योजना जाहीर झाली तेव्हा वर्षाला ४६,००० कोटी लागतील असं सांगितलं होतं. भागाकार करा, साधारण अडीच कोटी महिला. २०२५-२६च्या अर्थसंकल्पात तरतूद होती ३६,००० कोटी. भागाकार करा, बरोबर दोन कोटी. म्हणजे पडताळणीत नावं गळणार हे मार्चमध्येच आकड्यात दिसत होतं. निवडणुकीतल्या आश्वासनाप्रमाणे २१०० द्यायचे तर त्याच रकमेत जेमतेम १ कोटी ४३ लाख महिला बसतात. या बायकांना 'फुकट्या' म्हणणाऱ्यांचा मला मनापासून राग येतो. धुणीभांडी करून, घर सांभाळून हातात पडणाऱ्या १५०० रुपयांना फुकट म्हणायचं नाही. पण एका योजनेसाठी सामाजिक न्याय आणि आदिवासी विकास विभागांचा निधी वळवणं मला तितकंच चुकीचं वाटतं. २०२५ मध्ये त्यावर खुद्द सामाजिक न्याय मंत्र्यांनीच जाहीर नाराजी व्यक्त केली होती.

आणि काहीही न करता होणारी कपात? वृद्धांच्या निवृत्तिवेतनातला केंद्राचा वाटा ८० वर्षांखालच्यांना २००७पासून २०० रुपयेच आहे. १५०० पुरे करायला उरलेले १३०० राज्य घालतं. संजय गांधी निराधार योजनेची कौटुंबिक उत्पन्नाची अट दिव्यांग वगळता इतरांसाठी वर्षाला २१,००० ठेवलेली, म्हणजे महिन्याला १७५० रुपये. मुंबईत एवढ्यात चाळीतली एक खोलीही भाड्यानं मिळत नाही. खरं उत्पन्न लिहिलं तर अर्ज बाद, आणि म्हणून माणसाला दाखल्यासाठी खोटं बोलायला लावणारी ही अट आहे. ती आधी बदलली पाहिजे.

तुमच्या घरात किंवा शेजारी कोणाचं अनुदान थांबलं असेल, तर आधी बँकेत आधार जोडणी चालू आहे का ते पाहा. मग हयातीचा दाखला या वर्षी दिला होता का ते आठवा. दोन्ही ठीक असेल तर तहसील कार्यालयात लेखी अर्ज द्या, बंद का झालं याचं कारण लेखी मागा. आणि अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर तारखेसह पोच घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका.

नमस्कार.