थायरॉइडचा रिपोर्ट हातात आल्यावर

नमस्कार श्रोतेहो.

थायरॉइडच्या तक्रारी दुसऱ्या कशाच्याही खात्यावर सहज जमा होतात. थकवा आला तर झोप कमी पडली असेल, वजन वाढलं तर व्यायाम नाही, पाळीला जास्त जायला लागलं तर वय झालं. बद्धकोष्ठ, कोरडी कातडी, केस विरळ होणं, आवाज जड होणं, बाकीच्यांना उकडत असताना आपल्याला गारठा वाटणं. यातली एकटी तक्रार फारसं काही सांगत नाही. पण तीन-चार एकदम असतील, काही महिन्यांपासून असतील आणि हळूहळू वाढत असतील, तर रक्त तपासून घ्यावं. आई, बहीण, मावशी यांच्यापैकी कुणाला थायरॉइडचा त्रास असेल, किंवा स्वतःला टाइप 1 मधुमेह, कोड किंवा सिलियाक (गव्हातल्या ग्लुटेनने आतड्याला इजा होण्याचा आजार) असेल, तर टाळाटाळ करूच नये. हे आजार एकमेकांच्या संगतीने येतात, कारण मूळ एकच असतं: शरीराची संरक्षक यंत्रणा स्वतःच्याच पेशींवर उठते.

थायरॉइडवर ती दोन तऱ्हांनी उठते. एकात ग्रंथी हळूहळू झिजते आणि हार्मोन कमी पडतं. जपानी शल्यचिकित्सक हाकारू हाशिमोतो यांनी 1912 मध्ये चार स्त्रियांच्या काढलेल्या ग्रंथींचं वर्णन केलं, म्हणून हा हाशिमोतोचा आजार. दुसऱ्यात अँटिबॉडीज ग्रंथीला सतत चेतवत राहतात आणि हार्मोन उतू जातं. डब्लिनचे डॉक्टर रॉबर्ट ग्रेव्ह्ज यांनी तो 1835 मध्ये नोंदवला, म्हणून हा ग्रेव्ह्जचा आजार. आज बराचसा वेळ पहिल्याला देऊ, कारण तो जास्त आढळतो आणि त्यातल्या चुका रोजच्या असतात.

पहिली तपासणी टीएसएच. हे थायरॉइडचं हार्मोन नव्हे, ते मेंदूच्या तळाशी असलेल्या पिट्युटरी ग्रंथीतून येतं. कामगार ढिला पडला की मुकादमाचा आवाज चढतो, तसं थायरॉइड कमी पडू लागली की टीएसएच वाढतं, आणि हार्मोन प्रत्यक्षात फार घटायच्या आधीच वाढतं. बहुतेक प्रयोगशाळांत प्रौढांसाठी साधारण 0.4 ते 4 ही मर्यादा छापलेली असते. टीएसएच मर्यादेबाहेर गेलं तर पुढची तपासणी फ्री टी4, म्हणजे थायरॉइडच्या मुख्य हार्मोनचा रक्तात मोकळा असलेला भाग, आणि कारण शोधायला अँटी-टीपीओ, म्हणजे थायरॉइडवर उठलेल्या अँटिबॉडीज. एवढं पुरतं. पॅकेजमध्ये येणारे एकूण टी3 (थायरॉइडचं दुसरं हार्मोन) आणि एकूण टी4 बरेचदा नसता घोळ घालतात. रक्तातल्या ज्या प्रथिनांना चिकटून हार्मोन फिरतं, ती गरोदरपणात आणि गर्भनिरोधक गोळ्यांनी वाढतात, मग आकडा फुगतो आणि माणूस ठणठणीत असतो. फ्री टी4 कमी आणि टीएसएच मात्र नॉर्मल किंवा कमी, असं जोडीने आलं तर दोष पिट्युटरीत असू शकतो. तिथे नुसत्या टीएसएचवर विसंबून चालत नाही.

अँटी-टीपीओ एकदा पॉझिटिव्ह आली की आली. दर सहा महिन्यांनी ती पुन्हा करून आकडा 600 वरून 400 वर आला म्हणून आनंद मानण्यात काही अर्थ नाही. त्या आकड्यावरून गोळीचा डोस ठरत नाही.

आता रक्त देताना काय बिघडतं ते ऐका. टीएसएच रात्री चढतं आणि दुपारी उतरतं, म्हणून दर वेळी सकाळी, शक्यतो त्याच सुमारास आणि त्याच प्रयोगशाळेत द्यावं. थायरॉइडची गोळी चालू असेल तर त्या दिवशी ती रक्त दिल्यावर घ्यावी, कारण गोळीनंतर काही तास फ्री टी4 वर गेलेलं दिसतं. मोठ्या आजारातून उठत असताना टीएसएच तात्पुरतं वाढतं, तेव्हा काही आठवडे थांबलेलं बरं. आणि बायोटिन! केस-नखांसाठीच्या गोळ्यांत ते 5 ते 10 मिलिग्रॅम असतं. अनेक यंत्रांच्या रसायनांत बायोटिनचीच पकड वापरलेली असते. रक्तात ते जास्त झालं की टीएसएच खोटं कमी आणि टी4 खोटं जास्त दिसतं. कागदावर ग्रेव्ह्ज, प्रत्यक्षात काहीच नाही. निदान दोन दिवस आधी ते बंद ठेवा, मात्रा मोठी असेल तर आणखी आधी, आणि प्रयोगशाळेला तसं सांगा.

टीएसएच 10 च्या वर आणि फ्री टी4 कमी असेल तर फारसा प्रश्न उरत नाही, गोळी लागते. गोंधळ होतो 4 ते 10 च्या पट्ट्यात. फ्री टी4 नॉर्मल, टीएसएच 6.2, आणि त्याच संध्याकाळी आयुष्यभराची गोळी सुरू. ही घाई आहे. दोन-तीन महिन्यांनी टीएसएच पुन्हा करा, सोबत फ्री टी4 आणि अँटी-टीपीओ. कित्येकांचं टीएसएच तोवर आपोआप खाली आलेलं असतं. सत्तरीच्या पुढे टीएसएच वयामुळेही थोडं वर सरकतं, त्याला आजार म्हणू नये. पण अँटिबॉडीज असतील तर लक्ष ठेवायला हवं. इंग्लंडमधल्या विकॅम इथल्या वीस वर्षांच्या पाहणीत, टीएसएच वाढलेलं आणि अँटिबॉडीजही असलेल्या स्त्रियांपैकी दर वर्षी शेकडा 4 हून थोड्या जास्त जणींची थायरॉइड पूर्ण मंदावली. नुसत्या अँटिबॉडीज असलेल्यांत हे प्रमाण वर्षाला शेकडा 2 च्या आसपास होतं. म्हणजे अँटी-टीपीओ पॉझिटिव्ह, टीएसएच नॉर्मल असेल तर गोळी नको, पण वर्षातून एकदा टीएसएच हवं. मूल हवं असेल तर हा हिशेब बदलतो. ते थोड्या वेळाने.

सोनोग्राफी सरसकट लागत नाही. आरशासमोर मान थोडी मागे करा, पाण्याचा घोट घ्या आणि गिळताना कंठमण्याच्या खाली पाहा. गिळण्याबरोबर वर-खाली होणारी गाठ किंवा एका बाजूचा फुगवटा दिसला, तर डॉक्टरांना दाखवा आणि मग सोनोग्राफी करा. गाठ भराभर वाढत असेल, आवाज बसला असेल किंवा गिळायला त्रास होत असेल, तर लगेच.

उपचार म्हणजे लेव्होथायरॉक्सिन, गोळीच्या रूपातलं टी4. ग्रंथी पुरतं काम देईनाशी झाली असेल तर पूर्ण डोस साधारण वजनाच्या दर किलोला 1.6 मायक्रोग्रॅम, म्हणजे 60 किलोच्या व्यक्तीला 100 च्या आसपास. ग्रंथीत अजून जीव असेल तर कमी पुरतो. वय जास्त असेल किंवा हृदयविकार असेल तर 12.5 किंवा 25 पासून सुरुवात करून हळूहळू चढवतात, कारण हार्मोन वाढलं की हृदयाची प्राणवायूची मागणी वाढते. आणखी एक धोक्याची जागा: वजन घटतंय, उभं राहिलं की चक्कर येते, रक्तदाब कमी आहे, कातडी काळवंडते आहे, असं असेल तर गोळीआधी कॉर्टिसॉल हे अ‍ॅड्रिनल ग्रंथीचं हार्मोन तपासून घ्यावं. अ‍ॅड्रिनल ग्रंथीही कमी पडत असेल तर थायरॉइडची गोळी एकटी सुरू केल्याने माणूस एकदम कोसळू शकतो.

गोळीचं अर्धायुष्य सुमारे सात दिवस आहे. म्हणून डोस बदलल्यावर रक्तातली पातळी स्थिर व्हायला पाच-सहा आठवडे जातात, आणि पुढची टीएसएच 6 ते 8 आठवड्यांनी करतात. पंधराव्या दिवशी तपासून डोस वाढवला, मग जास्त झाला म्हणून कमी केला, पुन्हा वाढवला, असा झोका सुरू होतो. यात दोष आजाराचा नसतो, कॅलेंडरचा असतो. डोस बसला की मग वर्षातून एकदा तपासणी पुरते.

गोळी घ्यायची साध्या पाण्याबरोबर, रिकाम्या पोटी, नाश्त्याच्या 30 ते 60 मिनिटं आधी. कॉफीसुद्धा त्यानंतरच. सकाळ जमत नसेल तर झोपताना घ्या, शेवटच्या जेवणानंतर तीन तासांनी. दोन्ही वेळा चालतात, रोज वेळ बदलणं मात्र चालत नाही. कॅल्शियम, लोह आणि पित्तावरची पातळ औषधं गोळीला आतड्यातच बांधून ठेवतात, म्हणून त्यांच्यात चार तासांचं अंतर हवं. ज्या मल्टिव्हिटॅमिनमध्ये लोह आहे, तीही यात आली. एक दिवस गोळी विसरलात तर आठवेल तेव्हा घ्या. दुसऱ्या दिवशी आठवलं तर बहुतेकांना दोन एकदम चालतात, हृदयाचा त्रास असलेल्यांनी मात्र आधी विचारावं.

बसलेला डोस अचानक अपुरा दिसू लागला, टीएसएच 2 वरून 12 वर गेलं, तर लगेच मोठी गोळी मागू नका. आधी मागचे दोन महिने आठवा. लोहाच्या किंवा कॅल्शियमच्या गोळ्या सुरू झाल्या? अ‍ॅसिडिटीच्या रोजच्या कॅप्सूल? कंपनी बदलली? गोळ्या स्ट्रिपमधून काढून दमट जागी ठेवल्या? उष्णता, उजेड आणि ओल यांनी या गोळीचा जोर उतरतो, ती 25 अंशांच्या खाली, तिच्या मूळ वेष्टनात ठेवायची. यातलं काही सापडलं नाही आणि तरी डोस चढतच चालला, तर सिलियाक आणि जठराचा दाह तपासावा लागतो. टीएसएच जास्त आणि फ्री टी4 मात्र भरपूर अशी जोडी आली, तर बरेचदा अर्थ एवढाच असतो की महिनाभर गोळ्या चुकल्या आणि तपासणीच्या आधी चार-पाच दिवस नियमित घेतल्या. टीएसएच मागच्या महिन्याचं सांगतं, टी4 मागच्या चार दिवसांचं. डॉक्टरांना खरं सांगा, नाहीतर नको असलेला डोस पदरात पडतो. आणि जास्त डोस निरुपद्रवी नसतो. टीएसएच दीर्घकाळ 0.1 च्या खाली राहिलं तर उतारवयात हृदयाचे ठोके अनियमित होतात आणि हाडं ठिसूळ होतात. वजन उतरवायला डोस वाढवून घेणाऱ्यांनी हे जास्त ऐकावं. मंद थायरॉइडने वाढलेलं वजन साधारण 2 ते 5 किलो असतं आणि त्यातही बरंचसं साचलेलं पाणी.

आयोडीनबद्दल एक गैरसमज पक्का बसलेला आहे. हाशिमोतोत कमतरता आयोडीनची नसते. समुद्रशेवाळाच्या किंवा आयोडीनच्या जादा गोळ्या घेतल्याने त्रास वाढू शकतो. जेवणातलं आयोडीनयुक्त मीठ मात्र बंद करायचं कारण नाही.

आता गरोदरपण. पहिले काही महिने बाळ आईच्याच हार्मोनवर अवलंबून असतं आणि डोसची गरज पहिल्याच आठवड्यांत वाढते. म्हणून मूल हवं असेल तर आधीच टीएसएच 2.5 च्या खाली आणून ठेवावं. चाचणी पॉझिटिव्ह आली की आठवड्याला सातऐवजी नऊ गोळ्या, म्हणजे आठवड्यातले दोन दिवस दोन-दोन, हा नेहमीचा पहिला उपाय आहे. तो आपल्याला लागू आहे का, हे गर्भधारणेआधीच विचारून ठेवलं तर पुढच्या भेटीची वाट पाहण्यात आठवडे जात नाहीत. निम्मे दिवस भरेपर्यंत दर चार आठवड्यांनी टीएसएच, मग तिसाव्या आठवड्याच्या सुमारास एकदा. लोह आणि कॅल्शियम याच काळात सुरू होतं, म्हणून चार तासांची आठवण पुन्हा. बाळंतपणानंतर जुना डोस, आणि सहा आठवड्यांनी तपासणी.

बाळंतपणानंतरच्या वर्षात कधी कधी ग्रंथीला सूज येऊन साठलेलं हार्मोन बाहेर सांडतं. काही आठवडे धडधड आणि चिडचिड, मग काही महिने मरगळ. हे ग्रेव्ह्जसारखं दिसतं, पण ग्रेव्ह्जच्या गोळ्या इथे निरुपयोगी, कारण ग्रंथी नवीन हार्मोन बनवतच नसते. फरक करायला टीआरएबी ही अँटिबॉडी तपासतात, ग्रेव्ह्जमध्ये ती सहसा सापडते.

ग्रेव्ह्जमध्ये भूक असून वजन उतरतं, हात कापतात, घाम येतो, विसावलेली नाडीही शंभराच्या वर जाते. टीएसएच जवळपास शून्य असतं, आणि इथे मात्र टी3 तपासावंच लागतं, कारण कधी एकटं तेच वाढलेलं असतं. हार्मोन बनणं रोखणाऱ्या गोळ्या, कार्बिमाझोल किंवा मेथिमाझोल, 12 ते 18 महिने देतात, ठोके आवरायला सुरुवातीला प्रोप्रॅनोलॉल. दमा असेल तर ते आधीच सांगा. या गोळ्यांवर, विशेषतः पहिल्या तीन महिन्यांत, ताप आला किंवा घसा खूप दुखू लागला तर गोळी थांबवायची आणि त्याच दिवशी पांढऱ्या पेशींची तपासणी करायची. क्वचित त्या एकदम घटतात आणि साधा संसर्गही जिवावर बेततो. डोळे पिवळे झाले तरी गोळी थांबवून त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवायचं. मूल हवं असेल तर औषध बदलावं लागतं, तेव्हा आधी बोला. गोळ्या थांबवल्यावर आजार उलटला तर किरणोत्सारी आयोडीन किंवा शस्त्रक्रिया, आणि त्यानंतर बहुतेकांना लेव्होथायरॉक्सिन कायमचं. डोळे बाहेर आल्यासारखे वाटणं, खुपणं, एकाचे दोन दिसणं यासाठी नेत्रतज्ज्ञ हवेत. धूम्रपानाने डोळ्यांचं हे दुखणं नक्की बळावतं, आणि किरणोत्सारी आयोडीननेही बळावू शकतं.

शेवटी त्यांच्यासाठी, ज्यांचं टीएसएच सहा महिने नीट आहे आणि थकवा मात्र तसाच आहे. तक्रार खरी असते, पण कारण बरेचदा गोळीबाहेर असतं. हिमोग्लोबिन आणि फेरिटिन, म्हणजे शरीरातला लोहाचा साठा, पाहा. बी12 पाहा, कारण पोटातली तशीच प्रतिकारक गडबड बी12 शोषू देत नाही. साखर पाहा. घोरत असाल आणि दिवसा पेंग येत असेल तर झोपेची तपासणी, मन सतत उदास असेल तर तेही डॉक्टरांपुढे मांडा. हे सगळं ठीक निघालं, तरच काही तज्ज्ञ टी3 ची जोड मोजक्या महिन्यांपुरती देऊन पाहतात, आणि फरक पडला नाही तर ती काढून घेतात.

नमस्कार.