मिलरबाईंचा दीड तास

नमस्कार. पाऊस आहे, गाड्या उशिरा धावताहेत, तरी मागची रांग भरलेली दिसतेय. तेव्हा प्रस्तावना गाळतो आणि थेट कबुलीजबाबाला येतो.

मी एकतीस वर्षं कॉलेजात फिजिक्स शिकवलं. 2014 च्या नोव्हेंबरात 'इंटरस्टेलर' लागला, मी पाहिला, आणि पुढची दहा वर्षं सापेक्षता शिकवायची वेळ आली की त्या पिक्चरमधली एक चूक वर्गात सांगत आलो. मुलं खूश व्हायची. हॉलिवूडची चूक मुंबईतल्या मास्तराने पकडली म्हटल्यावर होणारच. तर ती चूक माझीच निघाली.

ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात. पृथ्वीवरची शेती संपत आलीय. शनीजवळ एक वर्महोल, म्हणजे अवकाशातला जवळच्या वाटेचा बोगदा, उघडलंय आणि दहा वर्षांपूर्वी बारा माणसं त्यातून पलीकडच्या ग्रहांवर एकेकटी गेली आहेत. त्यांतली एक मिलर. तिच्या ग्रहावरून 'इथे बरं दिसतंय' असा संदेश वर्षानुवर्षं येतोय. पिक्चरचा नायक कूपर आणि मंडळी तिथे जातात. तो ग्रह गार्गॅन्चुआ नावाच्या अजस्र कृष्णविवराला इतका चिकटून फिरतोय, की तिथला एक तास म्हणजे पृथ्वीवरची सात वर्षं. तिथे सेकंदकाटा एकदा हलला की इकडे सतरा तास गेले. मंडळी उतरतात, गुडघाभर पाण्यात मिलरच्या यानाचे तुकडे सापडतात, डोंगराएवढी लाट येते आणि एकाचा जीव घेते.

माझा आक्षेप असा होता. दहा वर्षांना सातने भागा. मिलरबाईंना तिथे उतरून जेमतेम दीड तास झालाय. दीड तासात त्यांनी मोजलं काय, तपासलं काय, आणि दहा वर्षं पुरतील एवढे संदेश धाडले कसे? कथेत हे एवढं मोठं भोक!

आता माझं भोक ऐका. लाटेनंतर आमच्या थिएटरने मध्यंतर टाकलं. मूळ पिक्चर सलग 169 मिनिटांचा, मध्यंतर आपल्याकडे कापून घातलेलं. मी समोशाच्या रांगेत अडकलो आणि परत आलो तेव्हा यान ग्रहावरून उडायच्या बेतात होतं. फेब्रुवारी 2025 मध्ये पिक्चर पुन्हा लागला. भाचीने तिकिटं काढली. या वेळी मी जागचा हललो नाही. इंजिनातलं पाणी निथळायची वाट बघत ते बसलेत, आणि कूपरची सहकारी ब्रँड सांगते, इथल्या घड्याळाने मिलर काही तासांपूर्वीच उतरली असणार, आणि मेली असेल तर काही मिनिटांपूर्वी. माझा अख्खा आक्षेप पटकथाकारांनी पात्राच्या तोंडी घातला होता. भाची कानाशी म्हणाली, "मामा, तू दहा वर्षं हेच सांगत होतास ना?" मी पॉपकॉर्नमध्ये तोंड खुपसलं.

पण मास्तर एवढ्यात ऐकतोय थोडाच! घरी येऊन कागद घेतला. खाली उतरण्याआधीच यातल्या सगळ्यांना 'तासाला सात वर्षं' ठाऊक होतं, मग भागाकार कुणीच कसा केला नाही? याला मात्र मी भोक म्हणणार नाही. तिथे प्रत्येक जण आपला वेळ किती जाईल, घरची पोरं किती मोठी होतील, याचा हिशेब मांडत होता. मागे काय घडलंय त्याचा हिशेब कुणी मांडला नाही. मी हजारो उत्तरपत्रिका तपासल्यात. उत्तर पहिल्याच ओळीत लिहून पुढे दोन पानं भलतीकडे जाणारी हुशार मुलं मला नवी नाहीत.

खरं भोक त्याच्या शेजारी आहे, आणि त्याबद्दल फारसं कुणी बोलत नाही. घड्याळ साठ हजार पट मंद असेल, तर तिथून निघालेली रेडिओलहरसुद्धा तेवढीच ताणली जाणार. आपलं एफएम स्टेशन 100 मेगाहर्ट्झच्या आसपास वाजतं. तेच स्टेशन मिलरच्या ग्रहावर लावलं, तर आपल्यापर्यंत येईतो त्याची वारंवारता साधारण 1,600 हर्ट्झ उरेल. म्हणजे रिसीव्हरला काही ऐकूच येणार नाही. आणि समजा आलंच, तर मूळ वारंवारता ठाऊक असल्यामुळे पहिल्याच दिवशी कळेल, की या बाईंचं घड्याळ साठ हजार पट मागे चाललंय. पिक्चरमध्ये यावर एक वाक्य आहे, की तिचा पहिलाच संदेश घुमत राहिला होता. हा बलरामाचा नांगर.

हसू नका, सांगतो. ककुद्मी राजाची गोष्ट बऱ्याच जणांनी आजीकडून ऐकली असेल. लेकीसाठी, रेवतीसाठी, वर विचारायला तो तिला घेऊन ब्रह्मदेवाकडे गेला. तिथे गंधर्वांचं गाणं चाललेलं. भला माणूस, गाणं संपेपर्यंत थांबला. मग ब्रह्मदेव हसून म्हणाले, अरे, तेवढ्यात खाली सत्तावीस चतुर्युगं उलटली, तुझ्या यादीतलं कुणी शिल्लक नाही, आता बलरामाला दे. इथवर मिलरच्या ग्रहासारखंच. पण मला खरं कौतुक पुढच्याचं. जुन्या युगातली माणसं उंच, मग रेवती बलरामापुढे ताडमाड दिसणार की! ऐकणाऱ्याने हे विचारायच्या आतच पुराणकाराने बलरामाकडून नांगराच्या टोकाने तिला खाली ओढून बेताची करून घेतली. 'संदेश घुमत राहिला' हे वाक्य त्याच जातीचं. विचारू नका, पुढे चला.

लाटेचं मात्र तसं नाही, तिथे नांगर लागत नाही. पावसाळ्यात साडेचार मीटरवर भरती जाणार असेल, तर आपली महापालिका त्या तारखा आधीच जाहीर करते. आपल्याकडे भरती-ओहोटी होते कारण पाण्याचा फुगवटा चंद्राच्या दिशेला राहतो आणि पृथ्वी त्याच्याखालून गरगरत जाते. पण कृष्णविवराच्या एवढ्या जवळच्या ग्रहाचं एकच तोंड त्याच्याकडे राहायला हवं, आपल्याकडे चंद्राचं राहतं तसं. मग फुगवटा जागच्या जागी. लाट धावणार कशी? या पिक्चरला विज्ञान पुरवणारे किप थॉर्न, ज्यांना पुढे 2017 चं नोबेल वाटून मिळालं, त्यांनी उत्तर दिलंय. ग्रह पुरता स्थिरावलेला नाही, पाळण्यासारखा थोडा इकडे-तिकडे झुलतोय, आणि बादली हलवल्यावर पाणी हिंदकळतं तसं त्याचं सगळं पाणी हिंदकळतंय. लाटेची उंची 1.2 किलोमीटर. झोक्याचा काळ त्यांनी काढला तो साधारण एक तास. पाणी गुडघाभर का, तेही इथेच कळतं. बाकीचं लाटेत उभं आहे.

आणि हे मला दुसऱ्यांदाच दिसलं. मंडळी वर परततात तेव्हा यानात थांबलेल्या रोमिलीची 23 वर्षं, 4 महिने, 8 दिवस गेलेत. सातने भागा, तीन तास वीस मिनिटं. पडद्यावर लाटा किती? एक दूर जाणारी, जिला ते डोंगर समजतात. दुसरी अंगावर येणारी. तिसरी उड्डाणाच्या वेळची. तासाला एक. मी थिएटरात बोटं मोजत होतो.

शेवटाबद्दल मला फार पत्रं येतात. शेवटी कूपर कृष्णविवरात पडतो आणि अशा जागी पोचतो, जिथून मुलीच्या खोलीतले सगळे दिवस दिसतात. ज्या पत्त्यामुळे तो या मोहिमेवर गेला, तो पत्ता तिथूनच तिच्या खोलीत येतो. पत्ता कूपरनेच भविष्यातून धाडला, मग तो पहिल्यांदा शोधला कुणी? यावर माझ्याकडे उत्तर नाही. बांगडीचं टोक कुठलं, असं विचारण्यासारखं आहे ते. पण एक लहान गोष्ट बघा. मुलीच्या खोलीत आधी धुळीतून पत्ता येतो आणि मग, कूपर निघायच्या दिवशी, पुस्तकांमधून 'थांब'. पलीकडे मात्र कूपर आधी 'थांब' ढकलतो आणि नंतर धूळ पाडतो. क्रम उलटा. लोक म्हणतात, चुकले. मी गिरगावात चाळीत वाढलो. तिथल्या गॅलरीसारखी ती जागा आहे आणि प्रत्येक खोली म्हणजे एक दिवस. गॅलरीतून जाणारा आधी नऊ नंबरात डोकावेल, मग सहात. खोलीतल्याला मात्र सहानंतरच नऊ.

इंधनाचं विचारू नका. पृथ्वीवरून निघताना त्यांना कित्येक टप्प्यांचं अगडबंब रॉकेट लागतं, आणि मिलरच्या ग्रहावरून, जिथे गुरुत्व पृथ्वीच्या 130 टक्के, तेच छोटं यान एकटं उडतं. इंधन वाचवायला म्हणून तसं केलं, हे एकवेळ मान्य. पण कृष्णविवराच्या त्या खोल विहिरीतून वर येणं कुठल्याही टाकीत मावत नाही. हे भोकच आहे.

तर, त्या रात्री मी जुन्या बॅचच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर रीतसर दुरुस्ती टाकली. मिलरच्या बाबतीत मी चुकलो होतो, कळावे. दहा-बारा अंगठे आले. मग एकाने लिहिलं, "सर, तेव्हा वर्गात एक मुलगी हेच म्हणाली होती. तुम्ही तिला खाली बसवलं होतंत."