ताल फुटते तेव्हा

सोलापूरच्या कोरडवाहू रानात पेरणीआधी शेतकरी मूठभर माती उचलून दाबतो. लाडू झाला आणि खाली टाकल्यावर फुटला, की वापसा आला. मातीच्या कणांमध्ये थोडं पाणी, थोडी हवा. अशी माती घट्ट उभी राहते, कारण तो ओलावाच कणांना एकमेकांकडे ओढून धरतो.

परतीचा पाऊस चार दिवस हटला नाही, की रान चिबडतं. पोकळीतली हवा जाते, तिथं सगळं पाणीच. मग त्या पाण्याचा दाब चढतो आणि कणांना एकमेकांपासून दूर रेटतो. वजन वाढलेलं, पकड सुटत चाललेली. मातीचा अभ्यास करणारे अभियंते कार्ल टेर्झागी यांनी १९२० च्या दशकात हेच गणितात मांडलं: एकूण भारातून पाण्याचा दाब वजा केल्यावर जे उरतं, तेवढाच मातीचा खरा आधार.

ही ताल, म्हणजे रानातला मातीचा बांध, पाहा. वरच्या अंगाला पाणी तुंबलंय, खाली पायथ्याला पाझर फुटलाय. पाझर नितळ असला तर फार घाबरायचं कारण नाही. गढूळ झाला, म्हणजे पाणी माती घेऊन निघालं. आतल्या आत भोक मागं मागं खणलं जातं आणि धडधाकट दिसणारी ताल पायातूनच फुटते.

इथं चिखल वावरात पसरतो आणि थांबतो. सह्याद्रीत तो थांबत नाही. ३० जुलै २०१४ च्या सकाळी पुणे जिल्ह्यातल्या माळीण गावावर डोंगर आला, १५१ माणसं गेली. वर भुसभुशीत माती, खाली कातळ. मुरलेलं पाणी कातळावर अडतं आणि मातीला उताराकडे ढकलतं. सुटलेली माती पाण्यात कालवली गेली, की ओल्या काँक्रीटसारखी धावते. इतकी दाट, की मोठाले धोंडेही तिच्यावर वाहत येतात.

माळीण आपल्याला लांबचं वाटतं. पण तिथलं पाणी डिंभे धरणातून घोड नदीला, घोडमधून भीमेला आणि पुढं उजनी धरणात येतं. सोलापूरच्या नळाला तेच पाणी आहे.

पावसाआधी तालीला सांडवा काढतात, तो पाणी तुंबू नये म्हणूनच. डोंगरउतारात त्यासाठी वर चर खणतात, पोटात निचऱ्याच्या आडव्या नळ्या बसवतात. नळीच्या तोंडातून धार लागते, आणि आतला दाब तेवढा उतरत जातो.